सेकंडहँड लक्झरी परफॉर्मन्स सेडान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रकारात नेमक्या कोणत्या गाड्या येतात?

चार दारं, ऐसपैस मागची सीट, पूर्ण आकाराची डिकी, आणि बॉनेटखाली स्पोर्ट्स कारला लाजवेल असं इंजिन. या प्रकाराची सुरुवात बरेच जण १९६८ च्या मर्सिडीज ३०० एसईएल ६.३ पासून मोजतात. कंपनीने आपल्या अवाढव्य ६०० लिमोझिनचं ६.३ लिटरचं व्ही८ इंजिन त्याहून लहान सेडानमध्ये बसवलं. २५० अश्वशक्तीची ती गाडी दिसायला मात्र एखाद्या बँक मॅनेजरची वाटायची. १९८५ च्या सुमारास बीएमडब्ल्यूने एम१ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावरून घडवलेलं २८६ अश्वशक्तीचं इंजिन ५ सिरीजमध्ये घातलं आणि पहिली एम५ तयार झाली. पुढे एएमजी मर्सिडीज, ऑडीच्या एस आणि आरएस, जॅग्वार एक्सजेआर आणि एक्सएफआर, मासेराती क्वाट्रोपोर्टे, लेक्सस आयएस एफ, अल्फा रोमिओ जुलिया क्वाड्रिफोलियो अशी रांगच लागली. खाली मुख्यतः १९९८ ते २०१५ या काळातल्या गाड्यांविषयी लिहिलं आहे. सेकंडहँड बाजारात मोह पाडणाऱ्या आणि फसवणाऱ्या गाड्या बहुतेक याच काळातल्या असतात.

नव्याने इतकी महाग असलेली गाडी दहा-बारा वर्षांत इतकी स्वस्त का होते?

नवी गाडी घेणारा गिऱ्हाईक जुनी घेत नाही, आणि जुनी घेऊ शकणाऱ्याला तिचा खर्च झेपत नाही. या दोघांच्या मधल्या पोकळीत किंमत घरंगळत जाते. त्यात पहिले मालक बहुधा कंपन्या किंवा भाडेकराराने गाडी घेणारे. वॉरंटी संपायच्या बेताला ते गाडी सोडतात आणि एकदम पुष्कळ गाड्या बाजारात येतात.

पण घसरते ती गाडीची किंमत, तिच्या सुट्या भागांची नाही. बारा वर्षांच्या एम५ चा ब्रेक डिस्क हा एम५ चाच ब्रेक डिस्क असतो. गाडी जुनी झाली म्हणून त्याचा भाव उतरत नाही, उलट काही भाग दुर्मीळ होऊन चढतोच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या गाड्यांना तंतोतंत लागू पडते. या पानावरच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे.

मग शहाणी माणसं या गाड्या घेतातच कशाला?

कारण चांगली मिळाली तर तिच्यासारखं काही नाही. १९९८ ते २००३ दरम्यानची ई३९ पिढीची एम५ घ्या: ४.९ लिटरचं व्ही८, ४०० अश्वशक्ती, टर्बो नाही आणि फक्त सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जरासा दाबला की गाडी उडी मारत नाही, ताणत जाते, आणि इंजिनाचा आवाज पायाच्या हालचालीबरोबर वर-खाली होतो. गर्दीत तीच गाडी शांतपणे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळते. मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आपण कशात बसलो आहोत याचा पत्ताही लागत नाही.

तिच्यानंतरच्या ई६० एम५ मध्ये पाच लिटरचं व्ही१० आहे, ५०७ अश्वशक्तीचं. गंमत म्हणजे गाडी सुरू केल्यावर ती आपणहून ४०० वरच थांबते. उरलेली ताकद हवी असेल तर 'पॉवर' लिहिलेलं बटण दाबावं लागतं. बटण दाबून ८,००० आरपीएमच्या पुढे जाणारं ते इंजिन एकदा ऐकलं, की त्याच्या दुखण्यांची यादी माणूस सोयीस्करपणे विसरतो. ती यादी पुढे दिली आहेच.

आणि दिखाऊपणा नसणं हेही आकर्षण आहेच. चार सायलेन्सरची तोंडं आणि थोडे रुंद टायर सोडले तर शेजाऱ्याला वाटतं, साधी डिझेल सेडान असावी.

रनिंग कमी असलेली गाडी घेणं सुरक्षित ना?

नेहमीच नाही. वर्षानुवर्षं उभी राहिलेल्या गाडीची रबरी सील सुकतात, ब्रेक पिस्टन अडकतात, बॅटरी मरते, टायर कडक होतात. दर आठवड्याला लांब पल्ल्याला पळालेली आणि वेळेवर ऑइल बदललेली दीड लाख किलोमीटरची गाडी मला चाळीस हजारांच्या 'शोपीस'पेक्षा अधिक विश्वासाची वाटते. आकड्याआधी बिलं बघा. कोणतं काम कधी झालं, कुठलं ऑइल घातलं, कोणते भाग बदलले याची जाडजूड फाइल असेल तर अर्धी लढाई जिंकली. "सगळं वेळच्या वेळी केलंय, कागद मात्र सापडत नाहीत" असं विकणारा म्हणाला, तर ते काम झालेलंच नाही असं धरून भाव करायचा.

कोणत्या इंजिनात काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर लांबलचक आहे. या गाड्यांचे बहुतेक दोष आता जगजाहीर आहेत. कुठे काय होणार हे आधीच माहीत असतं. झालेलं आहे की व्हायचं आहे, एवढंच शोधायचं.

बीएमडब्ल्यूचं एस८५, म्हणजे ई६० एम५ चं व्ही१०. पहिली काळजी कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची. बेअरिंग आणि क्रँकशाफ्टमधली फट मुळातच बारीक, त्यात घट्ट १०डब्ल्यू-६० ऑइल आणि वर गरम न होता ताणलेलं इंजिन. बेअरिंगचा थर झिजत जातो आणि एके दिवशी ते फिरून बसतं. तोवर बाहेरून काही कळत नाही. म्हणून जाणकार मालक बेअरिंगं बिघडण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने ती बदलून घेतात. ऑइल बदलताना नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात शिसं आणि तांबं वाढतंय का हेही बघतात. दुसरं दुखणं थ्रॉटल ॲक्च्युएटरचं. दहा सिलिंडरना दहा स्वतंत्र थ्रॉटल आहेत आणि ते हलवणाऱ्या मोटरींचे आतले गिअर झिजतात. तिसरं व्हॅनोसच्या, म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेच्या, उच्च दाबाच्या पंपाचं. चौथं एसएमजीच्या, म्हणजे क्लच आपणहून चालवणाऱ्या गिअरबॉक्सच्या, हायड्रॉलिक पंपाचं. चारही कामांची बिलं फाइलमध्ये असतील तर पैसे देऊन टाका आणि चावी घ्या.

त्याआधीचं एस६२, ई३९ एम५ चं व्ही८, तुलनेने सोशिक. व्हॅनोसची थंडपणी खडखड, चेनच्या प्लॅस्टिक गाइडची झीज, एक्झॉस्टकडच्या सेकंडरी एअरच्या (एक्झॉस्टमध्ये जादा हवा सोडणाऱ्या) वाटांमध्ये साचणारा कार्बन, एवढ्यावर भागतं.

मर्सिडीज एएमजीचं ६.२ लिटरचं एम१५६ इंजिन सी६३ आणि ई६३ मध्ये येतं. कानाला मेजवानी. पण सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर हेडचे बोल्ट गंजून तुटायचे आणि कूलंट सिलिंडरमध्ये उतरायचं. कंपनीने नंतर बोल्ट बदलले, तरी आधीची गाडी असेल तर बोल्ट बदलल्याचा पुरावा मागायलाच हवा. शिवाय कॅमशाफ्ट आणि त्याखालचे टॅपेट झिजतात. थंड इंजिनाची टिकटिक गरम झाल्यावरही थांबली नाही, तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यामानाने आधीचं सुपरचार्जरवालं ५.४ लिटरचं एम११३के, ई५५ एएमजीमधलं, फारच दणकट. ४७६ अश्वशक्ती, ७०० न्यूटन-मीटर, आणि तरीही प्रत्येक सिलिंडरला तीनच व्हॉल्व्ह आणि व्ही च्या प्रत्येक बाजूला एकच साधा कॅमशाफ्ट. त्याचा नेहमीचा रुग्ण म्हणजे इंटरकूलरचा छोटा पाण्याचा पंप. तो मेला की सुपरचार्जरमधून येणारी हवा थंड होत नाही, कॉम्प्युटर ताकद कमी करतो आणि मालक म्हणतो, "उन्हात गाडी जरा मंदावते." भाग किरकोळ, पण त्या एका वाक्यावरून भाव पाडून मिळतो.

जॅग्वार एक्सजेआरमध्ये, म्हणजे १९९७ नंतरच्या एक्स३०८ मध्ये, चार लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही८ आहे. ऑगस्ट २००० पूर्वीच्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर निकासिलचा, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असे. पेट्रोलमधल्या गंधकाने तो खरवडला जायचा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जायचं. त्यानंतर लोखंडी लायनर आले. आजही कॉम्प्रेशन चांगलं असलेलं जुनं इंजिन पुढे बहुधा टिकतं, कारण बऱ्याच देशांत पेट्रोलमधलं गंधक आता फारच कमी झालंय. याच इंजिनात टायमिंग चेनचे प्लॅस्टिक टेन्शनर तडकतात, आणि ते तडकलेले असतील तर इंजिन जाऊ शकतं. नव्या धातूच्या टेन्शनरची पावती बघणं हे या गाडीपुरतं पहिलं काम.

ऑडीच्या ४.२ लिटर व्ही८ वाल्या एस४ मध्ये, साधारण २००३ ते २००८ च्या, चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे तोंड करून आहेत. गाइड आणि टेन्शनर झिजले की भाग नगण्य किमतीचे, पण तिथे पोचायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. २००२ ते २००४ च्या आरएस६ मध्ये तर बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही; ४५० अश्वशक्तीचं ट्विन टर्बो व्ही८ कोंबून बसवलंय, त्यामुळे क्षुल्लक कामालाही इंजिन उतरवण्याची पाळी येते. आणि त्या ताकदीपुढे तिचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स बिचारा थकतो.

नंतरच्या बीएमडब्ल्यूंमध्ये ४.४ लिटरचं एन६३ आलं. दोन्ही टर्बो व्ही च्या मधल्या खोबणीत बसवल्याने तिथे भट्टीसारखी उष्णता साठते. व्हॉल्व्हची सील कडक होतात, इंजिन ऑइल पितं, इंजेक्टर जातात, आजूबाजूचे पाइप ठिसूळ होतात. सिग्नलला दोन मिनिटं उभं राहून निघताना मागे निळसर धूर दिसला तर समजायचं.

टायमिंग चेन आयुष्यभर टिकते ना?

चेन टिकते, तिला धरून ठेवणारं प्लॅस्टिक टिकत नाही.

कूलंटची गळती इतकी सार्वत्रिक का?

कारण एक्स्पान्शन टँक, थर्मोस्टॅटचं घर, पाइपांचे जोड हे सगळं प्लॅस्टिकचं, आणि ते वर्षानुवर्षं उकळत्या पाण्याच्या आसपास तापत-निवत राहतं. दहाएक वर्षांनी ते बिस्किटासारखं मोडतं. जॅग्वार एक्सएफआरच्या पाच लिटर सुपरचार्ज्ड इंजिनात सुपरचार्जरखालचे प्लॅस्टिक पाइप आणि पाण्याचा पंप हे नेहमीचे संशयित. पोर्शे पॅनामेराच्या (ती पाच दारांची, तरी याच कळपातली) सुरुवातीच्या व्ही८ मध्ये काही पाइप धातूच्या घरात चक्क चिकटवलेले आहेत, आणि डिंक सुटला की सगळं पाणी एकदम रस्त्यावर. ही इंजिनं ॲल्युमिनियमची आहेत. पाण्याविना दोन-तीन मिनिटं चालवली तरी हेड वाकतं. तापमानाचा काटा वर गेला की "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार करायचा नाही, गाडी तिथेच बंद करायची.

गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलू नका, असं सांगतात. खरं?

लाइफटाइम कुणाचं, हे मात्र कुणी सांगत नाही. ज्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा बॉक्स या काळातल्या कित्येक बीएमडब्ल्यू, जॅग्वार आणि ऑडींमध्ये आहे, ती कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. बदलताना ऑइल पॅनही बदलावं लागतं, कारण फिल्टर त्याच प्लॅस्टिकच्या पॅनमध्ये बसवलेला असतो. सोबत मेकाट्रॉनिकचा, म्हणजे बॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूचा, रबरी सीलचा बुशही बदलून घ्या. बहुतेक गळती तिथूनच होते.

मर्सिडीजच्या पाच गिअरच्या बॉक्सला एक मजेशीर आजार आहे. बॉक्सवरच्या गोल इलेक्ट्रिक कनेक्टरचं रबर गेलं की ऑइल वायरच्या आतून केशिकेसारखं चढत चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. मेकॅनिकला युनिटचा प्लग काढायला सांगा. पिना कोरड्या असल्या तर ठीक, तेलकट असतील तर लगेच दुरुस्ती. कनेक्टर बदलायला अर्धा तास लागतो. युनिट खराब झाल्यावर मात्र हिशेब बदलतो.

मासेराती क्वाट्रोपोर्टेच्या २००७ पूर्वीच्या गाड्यांत ड्युओसिलेक्ट नावाचा ऑटोमेटेड मॅन्युअल बॉक्स आहे. त्यातला क्लच गर्दीत पाण्यासारखा झिजतो. किती उरलाय ते दोष शोधणाऱ्या यंत्रावर दिसतं, म्हणून ते न पाहता ही गाडी घेणं वेडेपणाच. २००७ मध्ये झेडएफचा नेहमीचा ऑटोमॅटिक बॉक्स आला. रोजच्या वापराला तीच घ्यावी.

गाडी सकाळी एका बाजूला बसलेली दिसते. एअर सस्पेन्शन गेलं का?

बहुधा रबराच्या हवेच्या पिशवीला बारीक चिरा पडल्यात. रात्रभर हवा झिरपते, सकाळी एक कोपरा खाली. गाडी सुरू केली की कॉम्प्रेसर तो कोपरा उचलतो, म्हणून मालकाला वाटतं ठीक आहे. पण गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो, आणि मग एका भागाऐवजी दोन भाग बदलायची वेळ. पाहायला जाल तेव्हा आदल्या रात्रीपासून गाडी हलवू नका असं सांगून ठेवा, आणि पोचल्यावर आधी चारही चाकांवरची जागा बोटांनी मोजा.

मर्सिडीजचं एबीसी सस्पेन्शन हवेवर चालत नाही, उच्च दाबाच्या हायड्रॉलिक तेलावर चालतं. चालतं तेव्हा वळणावर गाडी झुकतच नाही, विमानासारखी वाटते. पण एक पाइप फुटला तरी गाडी जागेवर. ऑडी आरएस६ च्या डीआरसीमध्ये शॉकॉब्सॉर्बर तिरप्या जोडीने तेलाच्या पाइपांनी जोडलेले असतात आणि ते गळतातच, म्हणून बरेच मालक साधे शॉकॉब्सॉर्बर आणि स्प्रिंग बसवून मोकळे होतात. शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडू देत.

डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा इशारे लागतात. सगळंच बिघडलं?

आधी बॅटरी तपासा. या गाड्यांत डझनावारी कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलत असतात, आणि व्होल्टेज पडलं की प्रत्येक जण दुसऱ्याची तक्रार करतो. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर तशी नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. नाही केली तर तो जुनीच बॅटरी आहे असं समजून चार्ज करत राहतो.

बॅटरी ठीक असूनही वेडेपणा चालूच असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय, अगदी शब्दशः. सनरूफच्या कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या बारीक नळ्या आणि काचेखालच्या खाचेतली भोकं पालापाचोळ्याने तुंबतात, पाणी आत उतरतं, आणि ते नेमकं फ्यूज बॉक्स किंवा कंट्रोल युनिट जिथे ठेवलंय तिथेच साचतं. कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. वरचं कार्पेट कोरडं असलं तरी फोम ओला असू शकतो.

१९९१ ते १९९४ च्या सुमारास पोर्शेच्या झुफेनहाउझन कारखान्यात अर्धी-अधिक जोडली गेलेली मर्सिडीज ५००ई कुणाला भुरळ घालत असेल, तर एवढंच सांगतो: त्या काळच्या इंजिन वायरिंगचं आवरण उष्णतेने भुगा होतं. वायरिंग बदललेलं असेल तरच बोलणी करा.

ब्रेक आणि टायरचं काय?

मर्सिडीज ई-क्लासच्या २००६ पूर्वीच्या गाड्यांत एसबीसी नावाचे इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक आहेत. दार उघडताच पंपाचा 'झुईं' असा आवाज येतो, तोच तो. पंप किती वेळा चालला याचा हिशेब युनिट स्वतः ठेवतं आणि मर्यादा गाठली की इशारा देतं. २००६ च्या सुधारित मॉडेलपासून कंपनी साध्या हायड्रॉलिक ब्रेकवर परतली. ई५५ घेणाऱ्याने युनिट बदललंय का हे विचारावंच.

कार्बन-सिरॅमिक डिस्क असतील तर जपून. बदलायला लागल्या तर कधीकधी गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतात. बहुतेकांवर किमान जाडी किंवा वजन कोरलेलं असतं. मोजून घ्या, आणि कडेला टवका उडालाय का बघा.

टायर हा विकणाऱ्याच्या मनाचा आरसा. पुढे एका कंपनीचे, मागे भलत्याच स्वस्त कंपनीचे टायर दिसले तर इतरत्रही काटकसर झालीय असं समजा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायरची झीज सारखी हवी, नाहीतर डिफरन्शियलवर विनाकारण ताण येतो.

पाहायला गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विकणाऱ्याने आधीच इंजिन चालू करून ठेवलं होतं. का, ते विचारा. मला तर अशा वेळी परत फिरावंसं वाटतं. थंड असेल तर सुरू करायला मालकाला सांगा आणि स्वतः मागे, सायलेन्सरपाशी उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट. थंडीत नुसती वाफ निघते आणि दोन-तीन मिनिटांत विरते, ती वेगळी. मग पुढे येऊन कान द्या. चेनची खडखड दोन सेकंदांत थांबली तर चालेल, पाच-सहा सेकंद राहिली तर नाही. ऑइल भरायचं झाकण काढा. आत पिवळसर लोणी दिसलं तर एक तर गाडी फक्त जवळच्या फेऱ्या मारते, नाहीतर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय.

एवढं झालं की खिडक्या, सीटच्या मोटरी, एसी, दारांचे सॉफ्ट क्लोज (दार आपोआप ओढून लावणाऱ्या मोटरी), सगळी बटणं एकेक करून दाबा. कंटाळवाणं काम आहे, पण सीट हलवणाऱ्या एका मोटरीचा शोध घेताना अख्खी सीट बाहेर काढावी लागते.

घरचा स्वस्त स्कॅनर पुरेसा आहे का?

इंजिनाच्या प्राथमिक कोडसाठी हो. पण गिअरबॉक्स, सस्पेन्शन, एअरबॅग, ब्रेक यांची युनिट वाचायला त्या त्या ब्रँडचं यंत्र लागतं. आणि सगळी युनिट निष्कलंक, एकही जुना कोड नाही, अशी पंधरा वर्षांची गाडी दिसली तर खूश होऊ नका. कुणीतरी सकाळीच कोड पुसलेत. साधारण पन्नासेक किलोमीटर चालवून परत वाचा.

रिमॅप केलेली गाडी घ्यावी का?

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलणं. टर्बो गाडीत शंभर अश्वशक्ती अशी लॅपटॉपवरून वाढवता येते, आणि ती गिअरबॉक्सला सोसावी लागते. नामांकित ठिकाणी केलेलं काम, त्याची कागदपत्रं, सोबत बदललेला इंटरकूलर आणि वेळेआधी बदललेलं ऑइल असेल तर विचार करता येईल. "एका मित्राने केलंय" असेल तर नको. मूळ भाग सोबत देत नसतील तर आणखीच नको.

वर्षाला किती खर्च धरायचा?

गाडीच्या आजच्या किमतीवरून धरू नका, ती नवी असतानाच्या किमतीवरून धरा. माझा स्वतःचा ठोकताळा असा: जितके पैसे हाती आहेत त्यातले दोन तृतीयांश गाडीला, एक तृतीयांश बाजूला. पहिल्या वर्षी ते बाजूचे पैसे हमखास लागतात, कारण आधीच्या मालकाने ज्या कामाला कंटाळून गाडी विकली ते काम तुमच्यासाठी थांबलेलं असतं. सगळी पुंजी गाडीतच घालावी लागत असेल तर एक पायरी खालची गाडी घ्या, पण उत्तम अवस्थेतली.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर: व्ही१० एम५ ची टाकी ७० लिटरची आणि तिची तहान मोठी. मालक मंडळी ॲव्हरेजबद्दल बोलत नाहीत, पंप किती दूर आहे याबद्दल बोलतात.

रोज वापरता येईल का?

येईल, पण एकमेव गाडी म्हणून नको. साधा सेन्सर मागवायला आठवडा लागू शकतो आणि तेवढे दिवस गाडी लिफ्टवर. रोज चार-पाच किलोमीटरच वापर असेल तर मात्र ही गाडी घेऊच नका. ऑइल नीट गरम व्हायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्याआधी ताणणं आणि त्याआधी बंद करणं, दोन्ही या इंजिनांना घातक.

घरी स्वतः काय करता येईल?

ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, सनरूफच्या नळ्यांची सफाई, हे हातचं काम. अपवाद मर्सिडीजच्या ६५ एएमजीचा: त्या व्ही१२ ला २४ स्पार्क प्लग आहेत आणि इग्निशन कॉइल प्रत्येक बाजूला एकच लांबलचक पट्टी म्हणून येते, एक सिलिंडर चुकायला लागला तरी अख्खी पट्टी बदलायची. एसबीसीवाल्या गाडीचे पॅडही यंत्राने पंप निष्क्रिय केल्याशिवाय बदलू नका. बोटं चिरडतील इतक्या जोराने पिस्टन बाहेर येऊ शकतात.

त्यातल्या त्यात कमी डोकेदुखीची कोणती?

२००८ ते २०१४ ची लेक्सस आयएस एफ. पाच लिटरचं टर्बोविरहित व्ही८, आठ गिअर, आणि ठळक दुखणं म्हटलं तर इंजिनाच्या वरच्या खोबणीतून होणारी कूलंटची गळती. आतली जागा लहान आणि सुरुवातीच्या गाड्यांचं सस्पेन्शन कडक, एवढी तक्रार मान्य. त्यानंतर ई५५ एएमजी, ब्रेक आणि एअर सस्पेन्शनची कामं झालेली असतील तर. हृदय म्हणेल ते ऐकायचं असेल तर ई३९ एम५. पण चांगल्या राहिलेल्या गाड्यांचे भाव आता उतरत नाहीत, चढतात.

आणि लांबूनच नमस्कार करावा अशी?

फाइल नसलेली कोणतीही. मॉडेलच सांगायचं तर पहिली आरएस६, एबीसीवाल्या व्ही१२ मर्सिडीज आणि बेंटली फ्लाइंग स्पर. बेंटलीच्या ट्विन टर्बो डब्ल्यू१२ इंजिनाभोवती व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जाळं आहे. त्या ठिसूळ होतात, आणि काहींपर्यंत पोचायला इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी अप्रतिम आहे. ती वापरणाऱ्या मित्राशी मैत्री ठेवा.

त्याच गाडीची साधी आवृत्ती घेतली तर मजा जाते का?

थोडी जाते, खर्च मात्र पुष्कळ जातो. एम५ ऐवजी त्याच ई३९ पिढीची ५४० आय घेतली तर व्ही८ मिळतं, हवं तर मॅन्युअल गिअरबॉक्सही मिळतो, आणि ब्रेक, क्लच, इंजिनाचे भाग बरेच स्वस्त पडतात. कूलिंगचं प्लॅस्टिक आणि चेन गाइड तिथेही आहेतच, तेव्हा बिलं इथेही मागायचीच. जॅग्वारमध्ये सुपरचार्जर नसलेली एक्सजे८ घेतली तरी चामडं, लाकूड आणि तरंगत जाणं तेच राहतं. फक्त निकासिल आणि टेन्शनरचे प्रश्न तिलाही विचारावे लागतात, कारण इंजिनाचं कुटुंब एकच.